सोड, मी हाय
गारखेड्याच्या बास्केटबॉल क्लबात अपेक्षा कॅप्टन होती आणि टीमचे निम्मे पॉइंट तिच्याच हातचे असत. मूळची कन्नड गावची, वाळूजला एका कंपनीत नोकरी करायची आणि ड्यूटी सुटली की थेट कोर्टावर यायची. रिंगखाली खेळणारी जुनी सेंटर लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा कोच धम्मपाल सरांनी पाचोडकडची प्रांजली आणली. तिचे वडील मेंढरं राखायचे. ही नुकतीच पोलिसात लागलेली, दारातून वाकून यावं लागेल एवढी उंच, आणि इतकी बुजरी की पाणी मागायलाही तिची जीभ अडखळायची.

पहिल्याच दिवशी अपेक्षानं तिला रिंगखाली सोपा पास दिला. प्रांजलीनं शॉट मारलाच नाही. बॉल परत अपेक्षाच्या हातात दिला. पुढंही तेच. तिला फक्त आपली रिंग राखायची असे. आणि राखताना मात्र त्या बुजऱ्या पोरीला कुठून कंठ फुटायचा कोण जाणे. एरवी "अहो अपेक्षाताई" म्हणणारी कोर्टावर मागून ओरडायची, "अपेक्षा, डावीकडं! अपेक्षा, सोड तिला, मी हाय!"

अपेक्षाला ते झोंबायचं. कालची आलेली पोर चारचौघांत आपल्याला हुकूम सोडते, हे एक. शिवाय समोरचीला सोडून देणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती मागून हात घालायची आणि फाउल व्हायचा.

जालन्याच्या स्पर्धेत तसंच झालं. ही उंच पोर शॉट मारत नाही, हे समोरच्यांनी ओळखलं आणि तिला मोकळी सोडून दोघी दोघी अपेक्षाला घेरू लागल्या. वैतागलेली अपेक्षा पाच फाउल होऊन बाहेर बसली. मॅच हातची गेली. पण बाहेर बसून तिनं प्रांजलीला पहिल्यांदाच नीट पाहिलं. कोणी आत घुसली की ती उड्या मारत नव्हती. हात वर करून नुसती आडवी उभी राहायची, आणि घुसणारीचा शॉट वाकडा जायचा.

परतीच्या एसटीत अपेक्षा तिच्या शेजारी जाऊन बसली. शॉट का मारत नाहीस, असं सरळच विचारलं. प्रांजलीनं खिडकीबाहेर बघतच सांगितलं.

"जमत नाय असं नाय, ताई. पण मारला की मी त्यातच अडकते. चुकला तर लई वेळ डोक्यात राहतो, मागं कोण पळालं ते दिसतच नाय." मग हळूच म्हणाली, "तुम्ही पुढं बिनघोर खेळावं म्हणून ओरडते. तुम्हाला राग येतो, म्हाईत हाय मला."

दुसऱ्या दिवशी सरावाला अपेक्षानं सगळ्यांना सांगितलं, की आता मागून येईल तो आवाज ऐकायचा.

सांगणं सोपं होतं. समोरची निसटली की हात शिवशिवायचे. टीममधल्या राजनंदिनीनं एकदा भलत्याच बाजूनं वाट सोडली आणि फुकटचं बास्केट गेलं. हळूहळू त्या समोरचीला बरोबर प्रांजलीच्या अंगावर ढकलायला शिकल्या. प्रांजलीला कोणी अडवत नाही, तर तिनंच अपेक्षामागं धावणारीच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं, हेही ठरलं. अपेक्षाला श्वास घ्यायला जागा मिळाली. सरांनी प्रांजलीकडून एवढंच कबूल करून घेतलं, की अगदी रिंगखाली असशील तर टाक. ती टाकायची, आणि गेला की नाही ते न बघताच मागं पळायची. सगळ्या हसायच्या.

विभागीय स्पर्धेच्या फायनलला शेवटच्या क्षणी त्यांच्याकडं एका पॉइंटची आघाडी होती. समोरची चपळ पोर अपेक्षाला चकवून आत गेली. सवयीनं अपेक्षाचा हात उठला. मागून आवाज आला, "सोड!" तिनं हात आवरला. शॉट प्रांजलीच्या बोटांना लागून खाली पडला, राजनंदिनीनं बॉल उचलून छातीशी धरला आणि भोंगा वाजला.

संध्याकाळी कन्नडहून आईचा, लक्ष्मीबाईचा फोन आला. किती पॉइंट केलेस, असं तिनं विचारलं. वर्षभरातले सगळ्यात कमी, असं अपेक्षानं सांगितलं.

"मग जिंकल्या कशा गं?"

अपेक्षा समजावू लागली, पण फोनवर काही धड सांगता येईना. शेवटी म्हणाली, "पुढच्या वेळी तूच ये. माझ्याकडं नको बघू, मागं एक उंच पोरगी असते तिच्याकडं बघ."

आईनं त्या पोरीचं नाव विचारलं, आणि ती इथं जेवायला कुठं असते, तेही.