न वाजलेला भोंगा

औषधांच्या त्या कोठारात प्रोग्रॅमर म्हणून ती एकटीच. सगळे तिला ताई म्हणत. फ्रिजमधल्या लसींचं तापमान पडद्यावर दाखवायचं आणि ते चढलं की भोंगा वाजवायचा, हा पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रॅम तिचाच. कोठार सांभाळणारे काका साठीला टेकलेले, डाव्या कानाने जरा कमी ऐकणारे.

एका दुपारी नुकत्याच आलेल्या नव्या फ्रिजांपैकी एक बंद पडला. काका शेजारच्या खोलीत खोकी लावत होते. तीन तासांनी त्यांनी दार उघडलं, तेव्हा आत चौदा अंश. सगळ्या लसी फेकाव्या लागल्या.

"भोंगा वाजला नाही का?" साहेबांनी विचारलं.

"मला तरी नाही ऐकू आला," काका म्हणाले.

झालं! सगळ्यांनी त्यांच्या कानाकडे पाहिलं. ताईनेही. दुसऱ्या दिवशी काकांची रवानगी पॅकिंगच्या टेबलावर झाली.

भोंगा नेमका कधी वाजला ते बघायला ताईने नोंदी उघडल्या. नोंदच नव्हती. मग ती कोडकडे वळली आणि चूक सापडली. फ्रिजच्या मूळ क्लासचा, म्हणजे कोडमधल्या साच्याचा, इनिट हा सुरुवातीचा भाग चालला की तो फ्रिज भोंग्याच्या यादीत जाई. नव्या फ्रिजसाठी तिने त्या क्लासवरून दुसरा क्लास काढला होता आणि त्याला स्वतःचा इनिट दिला होता. मुलाने, म्हणजे अशा काढलेल्या क्लासने, आपला इनिट लिहिला, की पायथन आईबापाचा आपणहून चालवत नाही. तो मुद्दाम बोलवावा लागतो. `super().__init__(name)` एवढी एक ओळ ती लिहायला विसरली होती. नवे फ्रिज पडद्यावर तापमान दाखवत होते, पण यादीत त्यांचा पत्ताच नव्हता.

तिने ओळ घातली, कोठारातल्या माणसांना चाचणी आहे असं सांगून फ्रिजचं दार उघडं ठेवलं. भोंगा कोकलला. पॅकिंगच्या टेबलावरून काका धावत आले.

"ताई, आज तर स्वच्छ ऐकू आला! मग त्या दिवशीच कसा नाही आला?"

"होतं असं कधी कधी," ती म्हणाली. बोलून गेली आणि स्वतःचीच लाज वाटली. तरी तीन दिवस तिने तोंडातून ब्र काढला नाही. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची.

चौथ्या दिवशी काका एक कागद घेऊन आले. "डॉक्टर म्हणाले, उजवा कान ठणठणीत आहे. म्हणजे माझंच लक्ष नव्हतं. जरा शुद्धलेखन बघून देशील?"

नोकरी सोडण्याचा अर्ज होता. 'माझ्या हलगर्जीपणामुळे' या शब्दांपुढे तिला वाचवेना.

"काका, हलगर्जीपणा माझा आहे. भोंगा वाजलाच नव्हता. मला चाचणीच्या दिवसापासून माहीत आहे."

काकांनी अर्ज परत घेतला. "चार दिवस मी बायकोला सारखं विचारतोय, मला हाक मारलीस का गं म्हणून," ते म्हणाले. "चुकलीस त्याचं काही नाही. पण सांगायचं होतंस."

ती तशीच साहेबांकडे गेली आणि सगळं लेखी दिलं. बोलणी खाल्ली, बढतीही हुकली. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. काका कोठारात परतले. पण आता भोंगा वाजला, की ते जागचे उठण्याआधी शेजारच्याला विचारतात, "वाजला ना रे?"