गरुडाची जेवायची फांदी

आमच्या खळ्याच्या, म्हणजे घरापुढच्या अंगणाच्या, कडेला रायवळ आंबा आहे. त्याच्या शेंड्यावर समुद्रगरुडाच्या जोडीनं घरटं बांधलं. बांधू दे, माझं काही म्हणणं नव्हतं. पण जेवायला ती दोघं खळ्यावर आलेल्या फांदीवर बसत आणि उष्टं खाली टाकत. माशाची डोकी, काटे, एकदा तर अर्धा समुद्रसाप. खाली माझी आमसुलं वाळत होती.

रातांबे फोडायचे, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. वर्षाची आमसुलं अशी होतात. धाकटा दीर सोमवार पाळतो, त्या दिवशी मासळीला शिवत नाही. साप पडल्यावर त्यानं सांगून टाकलं, की सोमवारची सोलकढी तो आता शेजारी जाऊन पिईल. पन्नास वर्षांत माझ्या कढीला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

मी फांदी तोडायचं ठरवलं. घरट्याची नव्हे, जेवायची. झाडाच्या मुळात राखणदाराचा दगड आहे, म्हणून आधी देवळात कौल लावला. गुरवानं देवाला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली. देवानं परवानगी दिली, आणखी कोणाला विचारायचं? वाटेत वनखात्याचा गार्ड भेटला. तो पलीकडच्या वाडीतला, लहानपणापासून माझ्या ओळखीचा. मीच त्याच्या हातावर प्रसाद ठेवला आणि उद्या फांदी तोडणार म्हणून सांगितलं. एवढी मी शहाणी.

त्यानं प्रसाद खाल्ला, हात पुसला आणि म्हणाला, "गो काकी, देवान हो म्हटल्यान तरी कायदो नाय म्हणता. घरटा आसा तवसर आख्ख्या झाडाक हात लावचो नाय."

"मगे त्या गरुडाक सांग, माझ्या खळ्यात काटे टाकू नको म्हणान."

गरुडाला सांगायचं त्याच्या अधिकारात नव्हतं. त्यानं वर कळवलं. वरून घरट्याच्या रक्षणासाठी निधी आला. त्यातून एक फलक आला आणि मला एक टोपी. फलकावर लिहिलं होतं, की येथे संरक्षित पक्षी आहे, त्याला त्रास देऊ नये. मी चौथी शिकलेय, दोनदा वाचला. पक्ष्यानं मला त्रास द्यावा की नाही, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. टोपी मात्र कामाची निघाली. ती घालून मी खळं झाडत असे.

खळ्यावर जाळं बांधू म्हटलं, तर त्यात पक्षी अडकेल म्हणून तेही नाही. शेवटी साहेब पाहणीला आले, घाटावरचे. तासभर फांदीखाली बसले, चहा प्याले. गरुड वर बसून होता आणि त्यानं एक खवला खाली टाकला नाही. मी खोटी पडले. साहेब समजुतीनं म्हणाले, "आजी, निधी घरट्यासाठी आहे. घरट्याखालच्यांसाठी त्यात तरतूद नाही."

मी म्हटलं, "तुमच्या चौकीला गच्ची आहे. वर झाड नाही, गरुड नाही. तिथं वाळत घालू?"

"तशी परवानगी द्यायची तरतूद नाही."

"मग नाही म्हणायची आहे का?"

साहेबांनी गार्डकडे पाहिलं. गार्डनं बुटांकडे पाहिलं आणि तसं काही वाचल्याचं आठवत नाही म्हणाला. साहेब हसले आणि गाडीत बसले. गाडी वळणाआड जायच्या आत मी आमसुलांच्या पाट्या भरायला घेतल्या.

तेव्हापासून माझी आमसुलं सरकारी गच्चीवर वाळतात. कडक, काळीभोर होतात. दीर सोमवारी घरीच दोन वाट्या कढी ओरपतो. गार्डची तेवढी तक्रार आहे. चौकीवर आता माकडं यायला लागलीत आणि कायद्यानं त्यांनाही दगड मारता येत नाही, म्हणून तो टाळ्या वाजवत गच्चीवर फिरतो. फिरू दे. पगार त्याला आहे, मला नाही.