व्हिएन्नाच्या नगाऱ्यांसाठी गोराईचं घुमट

गोराईला जायचं म्हटलं की हल्ली सगळे रिसॉर्टची चौकशी करतात. मला विचाराल तर मी एकोणीसशे एकाहत्तरच्या डिसेंबरातला एक रविवार सांगेन. सकाळी अंधेरीहून निघायचं, बोरिवलीला खाडी ओलांडायची आणि जेवणाच्या वेळेला व्हिएन्ना गाठायचं. हसू नका, आम्ही खरंच गाठलं होतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची, विक्रोळीच्या एका कारखान्यात टायपिस्ट आणि अंधेरीच्या आमच्या गावठाणातल्या चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाणारी. आमचे क्वायरमास्तर लुईस अंकल म्हणजे व्हिएन्नाचे बिनपगारी वकील. तिथल्या एका म्हाताऱ्या संगीतकाराला ते नुसतं ‘पापा’ म्हणायचे, जसा काही तो पलीकडच्या गल्लीत राहतोय. पापाने लढाईच्या दिवसांत रचलेली एक मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची गाणी, मास्तर दर नाताळला आमच्याकडून बसवून घ्यायचे. तिच्या शेवटी ‘आम्हाला शांती दे’ ही प्रार्थना येते, आणि तिच्या मागे तांब्याचे मोठे नगारे हळूहळू वाजू लागतात, लांबून शत्रूचं सैन्य चाल करून यावं तसे. आमच्याकडे नगारे कुठले? त्या जागी मास्तरांचा डावा बूट वाजायचा. सगळं चर्च गंभीर, आणि वर क्वायरच्या माळ्यावर धप्, धप्! आम्हा पोरींना हसू आवरता आवरत नसे.

त्या वर्षी मात्र हसू आलं नाही. जानेवारीत मास्तर मुलीकडे पुण्याला जाणार होते, कायमचे. नगाऱ्यांसकट ती प्रार्थना ऐकायची हौस उभ्या जन्मात भागली नव्हती, आणि हा शेवटचा नाताळ. माझी मैत्रीण हेलन म्हणाली, “मास्तर, माझा इनास काका हाय ना गोराईला! घुमट वाजवतो. एकदम झकास.” घुमट म्हणजे मातीचं मडकं आणि त्यावर ताणलेलं कातडं. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, लग्नात त्याच्याशिवाय पान हलत नाही. फादरना विचारलं तर ते म्हणाले, “शांतीसाठी काय वाटेल ते वाजवा. फक्त बूट नको.”

झालं, निघालो! मास्तर सुटाबुटात, मी आणि हेलन ठेवणीतल्या फ्रॉकमध्ये. पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं, खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे वरून अर्धे रंगवलेले. आणि आम्ही तिघं घोडबंदर रोडवरून लाल बसच्या पुढच्या सीटवर गात चाललेलो. कंडक्टर म्हणाला, “अहो, जरा हळू! सायरन झाला तर ऐकू येणार नाही.” बोरिवलीहून टांगा केला, खाडीपर्यंत हाडं खिळखिळी झाली. (आता सरळ रिक्षा मिळते. पण भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा, नाहीतर चिखल ठरलेला.)

होडीत पाऊल टाकताच मास्तरांना व्हिएन्नाचं वारं लागलं. “ऐक गं रीटा. ऑस्ट्रियाच्या सम्राटाची फौज इटलीत मार खात होती. समोर एक तरणा फ्रेंच सेनापती. व्हिएन्नात फर्मान सुटलं, शत्रूला हाकलेपर्यंत कोणी तहाचं नाव काढायचं नाही. आणि आमच्या पापाने काय केलं? भर चर्चमध्ये शांती मागितली! नगारे वाजवून! बोलायला बंदी होती, गायला थोडीच होती?”

“मास्तर, खाली बसा. होडी कलंडंल,” नाखवा ओरडला. मास्तर बसले. नाखव्याने दोन वल्ही मारली आणि विचारलं, “मंग, ते फ्रेंच आलं का नाय?”

“आले ना. नंतर आले, दोनदा आले. दुसऱ्या खेपेला पापा मरायला टेकलेला. तोफेचा गोळा घराजवळ पडला. नोकरमाणसं थरथर कापतायत आणि हा म्हातारा त्यांनाच धीर देतोय.”

“मंग गाऊन काय उपेग झाला?”

मास्तर खिशातून होडीचं भाडं काढून मोजायला लागले. मला त्या नाखव्याचा इतका राग आला!

इनास काकांच्या घरी त्यांच्या बायकोने, मोनिका मावशीने, बाटली मसाल्यातलं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. गोराईला गेलात तर हॉटेल शोधू नका, कोणाच्या तरी मावशीशी ओळख काढा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि चौथीला नको म्हणाले ती केवळ फ्रॉकच्या भीतीने. मग काकांनी दोन घुमटं काढली, एक लहान, एक मोठं. निखाऱ्यावर धरून कातडी तापवली, एकदा बोटाने टिचकी मारून पाहिली. मास्तरांचे डोळे लकाकले. त्यांनी पापाची गोष्ट परत सुरू केली आणि शेवटी म्हणाले, “इथे शत्रूच्या पावलांसारखं वाजवायचं.”

काकांनी घुमट खाली ठेवलं.

“मास्तर, ह्यो लग्नाचा वाजप हाय. लग्नाआधी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला वाजतो, नवरीला नाचवायला वाजतो. बाहेर पोरं लढतान, मरतान, आन मी घुमट वाजवू? नाय जमायचं.”

“अरे, पण शांतीच मागतोय ना आपण!”

“मागा की. लढाई संपली तर नाताळाला मी सोताहून येन. नाय संपली तर नाय.”

मावशीने डोळ्यांनी खुणावलं, आता ताणू नका. आम्ही रिकाम्या हातांनी परतलो, म्हणजे हातात सुक्या बोंबलांची जुडी होती, पण ती काही वाजत नाही. होडीत मास्तर एवढंच म्हणाले, “बरोबर आहे त्याचं.”

पुढच्या दिवसांत अख्खा देश विजयासाठी प्रार्थना करत होता आणि आमचं क्वायर घुमटासाठी. ऑफिसात मी रेडिओजवळून हलेना. साहेबांना वाटलं, काय ही देशभक्त पोरगी! युद्धबंदीची बातमी आली तेव्हा मी टाइपरायटर सोडून उभी राहिले आणि ओरडले, “घुमट मिळालं!” अजून तिथले जुने लोक भेटले की याचा खुलासा मागतात.

नाताळच्या सकाळी मिस्सा सुरू झाली आणि काकांचा पत्ता नाही. मास्तरांनी गुपचूप डावा बूट पुढे सरकवला. शेवटची प्रार्थना लागणार एवढ्यात माळ्याचा जिना करकरला. काका आले, दोन्ही काखांत गोणपाटात गुंडाळलेली घुमटं, मागे धापा टाकणारी मोनिका मावशी. “ओहोटी लागली,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली.

मास्तरांनी हात उचलला. घुमट वाजलं, अगदी हलकं, लांबून. खरंच कुणीतरी चाल करून येत होतं. मास्तरांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं. आवाज वाढत गेला, आणि मग काकांचा हात आपल्या वळणावर गेला. जन्मभर लग्नं वाजवलेला हात तो! ठोका वळला, ठुमकला, सरळ उंबराच्या पाण्याच्या चालीवर येऊन पडला. खाली लुगड्यातल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. एकीने टाळी धरली, दुसरीने धरली, आणि बघता बघता अख्खं चर्च टाळ्या वाजवत शांती मागायला लागलं. आम्ही घाबरून मास्तरांकडे पाहिलं, आता वाट लागली! तर मास्तरांनी एक क्षण डोळे मिटले आणि काकांच्या ठोक्यावर हात हलवायला लागले. लॅटिन शब्द त्या चालीवर कसे बसवले ते देव जाणे, पण आम्ही गायलो, बेफाम गायलो.

पुढे मी ती प्रार्थना परदेशात एका भव्य हॉलमध्ये तांब्याच्या नगाऱ्यांवर ऐकली. सुंदरच होती. पण माझे पाय उंबराच्या पाण्याचाच ठेका धरत होते आणि शेजारची बाई मला डोळे वटारून बघत होती.

त्या नाताळच्या दुपारी आमच्या ओटीवर मास्तर हातात फुगा घेऊन बसले होते. फुगा म्हणजे आमच्याकडचा तळलेला गोड पाव. मी भीत भीत विचारलं, “मास्तर, पापाची मिस्सा बिघडली का हो?”

“नाही गं,” ते म्हणाले. “त्या नाखव्याला जाऊन सांग. पापाच्या गावात नगारे वाजले आणि फौज आली. आपल्या गावात वाजले आणि वऱ्हाड आलं. म्हाताऱ्याने हेच तर मागितलं होतं.”