राखणीची काठी

किसाबाईनं काठी माझ्या क्वार्टरच्या दाराला टेकवली आणि म्हणाली, "घ्या सायेब. आता तुमची पाळी."

"कसली पाळी?"

"बैलं रानात सोड म्हनून कोन म्हनालं?"

म्हणालो होतो मीच.

ही सांगोला तालुक्यातली एक वाडी. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी फॉरेस्ट खात्यात वनपाल. म्हणजे चार-पाच गार्डांच्या वरचा आणि बाकी सगळ्या जगाच्या खालचा माणूस. रान म्हटलं की लोकांना दाट झाडी आठवते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात तसलं काही नाही. हिवर, बाभळी, बोरी, तरवड, अधूनमधून कडुलिंब आणि खाली गवत. पण शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या वाडीचं सगळं त्यावरच चालायचं.

दुष्काळात ते रान पार बोडकं झालं. मग खात्यानं ते बंद केलं. 'बंद कूप' म्हणायचो आम्ही. म्हणजे रानाचा असा तुकडा, की जिथं काही वर्षं जनावर सोडायचं नाही, कुऱ्हाड न्यायची नाही. कागदावर बंद करायला काय जातंय? माझ्या गार्डाकडे सात गावं आणि एक सायकल. तो राखणार काय, कपाळ!

राखलं ते वाडीनं. त्यांचा कायदा निराळा होता. दंड नाही, कोंडवाडा नाही. ज्याचं जनावर आत सापडेल, किंवा जो ओली फांदी मोडेल, त्याच्या दारात राखणीची काठी जायची. पुढचा कुणी सापडेपर्यंत रान त्यानं राखायचं. आत शिरायच्या चोरवाटा त्यालाच ठाऊक असतात ना! गड्यानं चूक केली तरी काठी मालकाच्या दारात. आणि राखणदारानं बघून न बघितल्यासारखं केलं, तर काठी कायमची त्याच्याकडे. दिवाळीनंतर घरटी एक माणूस विळा घेऊन आत जायचा आणि डोक्यावर मावेल तेवढं गवत आणायचा. बस्स.

किसाबाईची एक शेळी आत गेली होती, म्हणून काठी तिच्याकडे. पण पुढं चार महिने कुणी सापडेचना. बाई रडकुंडीला आली होती. तिची लेक कुर्डुवाडीला, जावई रेल्वेत, घरात दुसरं बाईमाणूस नाही आणि लेकीचे दिवस भरत आलेले. आणि ही इथं बाभळींची राखण करत बसलेली.

त्या दिवशी कुपात लावायच्या रोपांची बैलगाडी आली. गाडीवानानं विचारलं, बैल कुठं सोडू? मी म्हणालो, "सोड इथंच. तासाभरानं काय बिघडतंय?" किसाबाई झुडपामागून उठली. इतकी खूश झालेली बाई मी आजवर पाहिलेली नाही.

"अहो किसाबाई, रान सरकारचं, बैल सरकारी कामावरचे, मी सरकारी माणूस," मी दारात उभा राहून समजावलं.

"व्हय की. पर कायदा मोडला का न्हाय, तेवढं सांगा."

तिच्याबरोबर बिरूआण्णा आले होते. वाडीतले जुने जाणते. ते शांतपणे म्हणाले, "न्हाय घेतली तरी आमी काय करनार, सायेब? पर उद्या दुसरा बी न्हाय म्हनंल."

घेतली काठी. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं किसाबाई कुर्डुवाडीला गेली. आमची मंडळी हसून हसून बेजार. "एवढी वर्षं पगार घेतलात, आता कुठं कामाला लागलात," म्हणाली. खोटं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ फिरायला लागलो, तेव्हा मला माझंच रान कळलं.

महिनाभरानं साहेबांचा दौरा आला. साहेब बसायचे सोलापूरला. त्यांच्या टेबलावर एक फाईल होती, या कुपातल्या गवताचा लिलाव करावा म्हणून. लिलाव म्हणजे जो जास्त बोली बोलेल त्यानं ट्रक लावून सगळं गवत न्यायचं. वाडीला काडीसुद्धा नाही. मग वाडीनं राखायचं कुणासाठी? ठेकेदारासाठी? मी रिपोर्टात लिहिलं होतं, रान गावानं राखलंय, गवत गावालाच द्या. साहेब स्वतः बघून ठरवणार होते.

साहेब बिरूआण्णांना आणि मला घेऊन रानात फिरले. गवत कंबरेएवढं. ते वाकून बघत होते. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"गायकवाड, ही काठी कसली?"

मी सगळं सांगितलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गावानं सरकारी नोकराला शिक्षा दिली? आणि तुम्ही ती घेतलीत? खात्याची अब्रू काय राहिली?"

आम्ही जीपकडे परतलो, आणि बघतो तर काय! ऊन लागतं म्हणून ड्रायव्हरनं कुपातल्या कडुलिंबाच्या चांगल्या पाच-सहा फांद्या मोडून जीपच्या टपावर घातल्या होत्या. हिरव्यागार. सगळी वाडी तिथं जमलेली. पण ड्रायव्हरकडे कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. पोरं शाळेत होती, बदली झाली तर कुठं फरफटत नेऊ? बघून न बघितल्यासारखं केलं असतं, तर काठी कायमची माझ्याकडे राहिली असती, त्याचं काही नाही. पण उद्या सकाळी वाडीनं शेळ्या आत घातल्या असत्या आणि मला त्यांना एक शब्द बोलता आला नसता. मग माझा रिपोर्ट खोटा आणि लिलावाची फाईलच खरी ठरली असती.

"साहेब, फांद्या ओल्या आहेत," मी म्हणालो.

"मग?"

"बंद कुपातल्या आहेत. आणि ड्रायव्हर तुमचा आहे." मी काठी पुढं केली.

"गायकवाड, शुद्धीवर आहात ना?"

"आहे साहेब. म्हणून तर भीती वाटतेय."

ड्रायव्हर बिचारा पुढं आला. "माझी चूक साहेब, मी घेतो." बिरूआण्णांनी हात जोडले. "न्हाय बाबा. गड्याची चूक मालकाच्या दारात. ह्या सायबालाबी तसंच धरलं हुतं."

"अहो, मी सोलापुरात असतो. इथलं रान राखणार कसं?" साहेब म्हणाले.

"ते तुमचं तुमी बगा. काठी घेतली की रान तुमचं."

साहेबांनी एकदा टपावरच्या फांद्यांकडे आणि एकदा जमलेल्या वाडीकडे बघितलं. मग त्यांनी काठी घेतली, जीपमध्ये मागं टाकली आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेले. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, सामान बांध. ती म्हणाली, "बांधते. आधी जेवा."

बदलीची ऑर्डर काही आली नाही. पंधरा दिवसांनी ऑफिसचा शिपाई डाक घेऊन आला, त्यानं सांगितलं, काठी साहेबांच्या खुर्चीमागं कोपऱ्यात उभी आहे. लिलावाचा ठेकेदार आला, तेव्हा साहेबांनी त्याला ती दाखवली. म्हणाले, "त्या रानाचा राखणदार मी आहे. माझ्याच राखणीतलं गवत मी विकू कसं?" डाकेत ऑर्डर होती. लिलाव रद्द, गवत वाडीनं कापून न्यावं. मी ती चारदा वाचली आणि चक्क रडलो.

मला काळजी एकच होती. काठी सोलापुरात, मग इथं राखतंय कोण? रोज रानात चक्कर टाकायचो. शेळीची एक लेंडी दिसेल तर शपथ. शेवटी बिरूआण्णांना विचारलं.

"आता कोन जातंय आत?" ते म्हणाले. "घावला तर काठी आनायला सोलापूरला सायबाच्या हापिसात जावं लागंल की!"

ती काठी पुन्हा वाडीत आलीच नाही. साहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी चार्जच्या यादीत टेबल, खुर्ची, कपाटाच्या किल्ल्या यांच्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'राखणीची काठी, नग एक.' माझ्या नोकरीभर चार साहेब आले. प्रत्येकानं आधी यादीवर सही केली आणि मग विचारलं, ही कसली काठी? तोवर उशीर झालेला असायचा. मी एवढंच शिकलो, की सरकारी माणसाला एखादी गोष्ट पटवत बसू नये. ती त्याच्या चार्जच्या यादीत घालावी.