झाकण उघडून पाहणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताई गजभिये यांची आणि माझी पहिली भेट माझ्या दाढेमुळे झाली. सीताबर्डीवरच्या त्यांच्या दवाखान्यात खुर्चीत बसताना मी आजोबांचे चांदीचे खिशातले घड्याळ काढून टेबलावर ठेवले. दाढ राहिली बाजूला, ताईंची नजर घड्याळावर गेली.

"उघडून पाहिलंत कधी?" त्यांनी विचारले.

"नाही. आजोबांचं आहे ते."

"आजोबांचं असलं म्हणून काय झालं?"

माझी परवानगी घेऊन त्यांनी मागचे झाकण उघडले, खणातले भिंग डोळ्याला लावले आणि निकाल दिला, "पेटी जुनी आहे. आतलं यंत्र मागाहून बदललंय, तेही हलकं. आता आ करा."

मला राग आला होता. घरी जाऊन काकांना विचारले, तेव्हा बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी कबूल केले की, घड्याळ एकदा पाण्यात पडले होते आणि दुरुस्तीवाल्याने आतले सगळे बदलले होते. पुढच्या रविवारी मी ताईंच्या घरी गेलो. त्यांच्याकडची घड्याळे पाहिली आणि त्यांच्या मंडळींतला एक झालो. त्या वेळी नागपुरात घड्याळांचा शौक असलेले आम्ही चार-पाच जण होतो. मी कॉलेजात वाणिज्य शिकवणारा, वनखात्यातून निवृत्त झालेले वानखेडे साहेब, आणखी दोघे-तिघे. आमच्यात ताई एकट्याच अशा होत्या, की घड्याळ आवडले की त्यांचा संशय वाढत असे.

हा स्वभाव घरचा होता. ताई मूळच्या रामटेकच्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली सहकुटुंब दीक्षा घेतली. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानायचे नाही, स्वतः तपासून मानायचे, हे त्यांच्या घरात जेवताना-खाताना बोलले जाई. दवाखान्यात ताई शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. संशय आला, की मात्र रामटेकची बोली तोंडात येई. "काहून जी?" म्हणजे "का हो?" असे त्यांनी विचारले, की समोरच्याने सावध व्हावे.

त्यांची खरी परीक्षा मधुकर खेडीकरांच्या वेळी झाली. हे गृहस्थ नंदनवन वस्तीत राहायला आलेले. वर्षाकाठी दोन-तीनच घड्याळे स्वतःच्या हाताने बनवतो, आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डर घेतो, असे ते सांगत. परदेशी उंची घड्याळे चोरट्या वाटेनेच मिळण्याचे ते दिवस. अशा वेळी आपल्या गावात घड्याळ घडवणारा माणूस! त्यांनी आणलेला नमुना आम्ही हातोहात फिरवला. निळसर तबकडी, केसासारखे बारीक काटे. वानखेडे साहेबांनी तर मुलीच्या लग्नासाठी दोन घड्याळे तिथल्या तिथे सांगून टाकली.

ताईंनी नमुना कानाशी धरला, परत दिला आणि म्हणाल्या, "काहून जी खेडीकर, एखादं अर्धवट झालेलं दाखवा ना. पुरं झालेलं कोणीही दाखवते."

खेडीकर म्हणाले, कारखान्याचे छप्पर दुरुस्त होते आहे. पुढच्या वेळी म्हणाले, आई आजारी आहे. तिसऱ्या वेळी आलेच नाहीत. ताईंनी मला सांगितले, "हा माणूस स्मगलिंगचा माल आणतो आणि त्यावरचं मूळ नाव खरवडून विकतो. साहेबांनी पैसे द्यायच्या आत पाहून येऊ."

साहेबांना घेऊन, न कळवता आम्ही तिघे नंदनवनात गेलो. दार त्यांच्या पत्नी निर्मलाबाईंनी उघडले. आत खेडीकर खिडकीशी बसून खरोखरच एका तबकडीवर काम करत होते. आम्हाला पाहताच त्यांनी टेबलावरच्या पसाऱ्यावर रुमाल टाकला. ताईंनी रुमालाला हात लावला नाही. एवढेच विचारले, "यातलं तुम्ही काय बनवता?"

ते रुमालाची टोके सारखी करू लागले. शेवटी निर्मलाबाईच बोलल्या, "सांगून टाका ना जी! काहून लपवून राहिले? ताई, तबकडी, काटे, पेटी हे सारं यांच्या हातचं हाय. आतलं मशीन मात्र हे जुन्या मोडक्या घड्याळांतून काढते अन् दुरुस्त करते. असं सांगितलं तर कोणी घेत नाही, म्हणून बोलत नाहीत."

वानखेडे साहेब भडकले. "ही फसवणूक आहे. मी पोलिसात जातो!"

"पोलिसांना काय सांगाल साहेब?" ताई म्हणाल्या. "सुंदर तबकडी केली म्हणून? पैसे तुम्ही दिलेले नाहीत." मग त्या खेडीकरांकडे वळल्या. "मी तुम्हाला चोरीच्या मालाचा व्यापारी समजले होते. ते चुकलं. पण तुम्ही खोटं बोललात, हे खरं आहे. झाकणाच्या आत कोरा, तुमचं काय आणि जुनं काय. मग मी घेईन."

खेडीकरांना ते झोंबले. "मग माझी किंमत काय राहील?" एवढे म्हणून त्यांनी तोंड फिरवले. परतताना साहेब ताईंवर रुसले, मी अस्वस्थ होतो. एका माणसाचा धंदा आपण बुडवला की काय, असे वाटत राहिले.

पावसाळा सरल्यावर खेडीकर पती-पत्नी दवाखान्यात आले. नव्या घड्याळाच्या झाकणाच्या आत सुबक अक्षरांत कोरले होते: यंत्र जुने, बाकी सर्व माझे. ताईंनी ते लगेच विकत घेतले असेल, असे कोणाला वाटेल. छे! महिनाभर वापरून पाहीन म्हणाल्या. मागे पडते म्हणून दोनदा परत पाठवले. तिसऱ्या खेपेला पैसे दिले आणि खेडीकरांना बजावले, "गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे पाठवा. मी दोषही सांगेन."

आणि त्यांनी सांगितलेही. दाढ दाखवायला आलेल्यांनाही सांगितले, घड्याळ विचारायला आलेल्यांनाही सांगितले, की थंडीत हे थोडे मागे पडते आणि काच जपावी लागते. गंमत अशी, की ते ऐकूनच लोक निर्धास्त होऊन नंदनवनाची वाट धरू लागले. वानखेडे साहेबांनी धुसफुसत का होईना, मुलीच्या लग्नाची दोन्ही घड्याळे तिथूनच करून घेतली. खेडीकरांना आज ऑर्डरीसाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही.

ताईंना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सत्कार समितीचे निमंत्रण घेऊन मी गेलो, तेव्हा त्यांनी मला बसायलाही सांगितले नाही. "एवढे हार-तुरे मले काहून? कोणाचं काय काम अडलंय माझ्यापाशी?" असे विचारले. काही काम नाही, म्हणून मी शपथेवर सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी होकार दिला आणि चहाही ठेवला.

ताईंची नजर अशीच तीक्ष्ण आणि हात असाच स्थिर राहो. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आम्ही त्यांना एवढा जीव का लावतो, याचा संशय त्यांना आणखी पुष्कळ वर्षे येत राहो.