जावेची चिलापी

आमच्या पेणकडे गरोदर लेक माहेरी आली की तिला घरच्या तळ्यातला जिताडा मासा खाऊ घालायचा. खाडीतून पिल्लं आणून तो वर्षानुवर्षं पोसावा लागतो. माझी लेक रोह्याहून आली तेव्हा माझा जिताडा तयार होता. पण बाईसाहेबांना हवी होती काकीची चिलापी.

काकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिला मूलबाळ नाही. बांधापलीकडेच तिचं तळं. चिलापीच्या पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे हार्मोनची पूड कालवलेलं खाद्य घातलं की जवळजवळ सगळे नर होतात आणि भराभर वाढतात. मी एकेक मासा जपत बसते, आणि हिचं तळं बघता बघता भरतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात लेक दिवसभर तिच्याच बांधावर.

"हार्मोनचा मासा पोटातल्या बाळाला बाधतो," मी ठणकावलं. लेक हसली. मग मी तिला पेणला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जाऊही रिक्षात चढली. म्हटलं बरंच झालं, हिच्यासमोरच होऊन जाऊ दे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध पिल्लांना दिलेलं. मासा मोठा होईपर्यंत ते बहुतेक निघून जातं. ताटातल्या माशाची एवढी भीती नाही. पूड कालवणाऱ्या बाईने जपायला हवं. गरोदर बाईने तर हातही लावू नये."

मी लेकीचा हात धरला. "तू हात लावलास गो?"

"नाय गो आई. काकी पयल्या दिवसापासून मला लांब बसवते."

"पूड देणाऱ्याने सांगितलेलं," जाऊ म्हणाली, "पोटुशी बाईचा हात नको."

"आणि तुम्ही कशाने कालवता?" बाईंनी विचारलं.

"हातानंच. बादलीत भाकरीच्या पिठावानी मळते. मी थोडीच पोटुशी हाय?"

बाई तिच्या हनुवटीकडे बघत होत्या. तिथे राठ केस आले होते. जावेने पदर वर ओढला. पाळीही कित्येक महिने चुकत होती, ते तिने हळूच सांगितलं. बाईंनी तपासण्या लिहून दिल्या, उघड्या हाताने कालवणं बंद करायला सांगितलं.

येताना मी मेडिकलमधून रबरी मोजे घेऊन तिच्या मांडीवर टाकले. वाईट वाटलंच मला. पण जळणं काही थांबेना. आई मी, आणि माझ्या लेकीला त्या बादलीपासून लांब बसवायचं सुचलं ते हिला.