गेलेल्या मुलाचं नाव

जन्मनोंदणीच्या तीन नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला सगळी कचेरी अर्थमंत्री म्हणायची. खजिन्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, संबंध होता तो नावांच्या अर्थांशी. बाळाचं नाव नोंदवायला कुणी आलं की हे हटकून विचारणार, "अर्थ काय हो याचा?" रांग खोळंबायची, मागचे लोक चुळबुळ करायचे, यांना त्याचं सोयरसुतक नसे. चौतीस वर्षांत जमवलेले अर्थ त्यांनी एका जाड वहीत उतरवले होते, आणि जेवणाच्या सुट्टीत जो सापडेल त्याला ते ती वही वाचून दाखवत. कुठे मूल ज्या वारी जन्मतं, तो वारच त्याचं नाव. कुठे नातवाला आजोबांचंच नाव, त्यामुळे एक हाक मारली की दोघे ओ देतात. कुठे आधीची मुलं दगावली की पुढच्याला 'कचरा' नाहीतर 'कुणीच नाही' अशा अर्थाचं नाव देतात, म्हणजे मृत्यूनं नाक मुरडून पुढचं दार गाठावं. हे सांगताना गडी रंगात यायचा. मात्र "तुमच्या स्वतःच्या नावाचं काय?" असं विचारलं की त्यांना नेमकी चहाची तल्लफ यायची.

निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हाची ही गोष्ट. खिडकी एक वाजता बंद होई, आणि एकला वीस मिनिटं कमी असताना एक उंच बसड्रायव्हर घामाघूम होऊन समोर आला.

"साहेब, आजच्या आज व्हायला पाहिजे. बाळाला वर्ष होतंय, मुदत आज संपते."

ते खरं होतं. उद्यापासून कोर्टाच्या हुकमाशिवाय नाव चढलं नसतं. अर्थमंत्र्यांनी अर्ज ओढला, नाव वाचलं, आणि त्यांचा हात आखडला. असं नाव रोज येत नाही. पाच वर्षांपूर्वी त्यांनीच ते लिहून घेतलं होतं, अर्थ होता 'पहाटे आलेला'. त्यांनी उठून जुनं रजिस्टर काढलं. आईबाप हेच. मुलाच्या नावापुढे दोन वर्षांपूर्वीचा लाल शाईतला शेरा होता, मयत, वय तीन. मग त्यांनी अर्जावरच्या सह्या पाहिल्या. बापाची आणि आईची सही एकाच पेनानं, एकाच हाताच्या जोरानं केलेली होती.

"ही सही कुणाची?"

"तिचीच." ड्रायव्हरनं नजर चुकवली.

"बोलवा त्यांना."

"घरी आहे हो ती. बाळ लहान आहे." त्यानं खिडकीचे गज धरले आणि आवाज खाली आणला. "साहेब, आमच्या लोकांत गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देतात. नावाच्या वाटेनं तो घरी परत येतो. तिच्या लोकांत उलटं आहे. गेलेल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, नाहीतर त्याचा पाय इथून निघत नाही. दोन वर्षं झाली, मी त्याचं नाव घेतलं की ती उठून बाहेर जाते. तुम्ही फक्त शिक्का मारा. एकदा रजिस्टरात गेलं की कुणाला बदलता येणार नाही."

खोटी सही म्हणजे पोलिसांचं काम. नियमाला अर्थमंत्री पक्के होते, पण त्या माणसाला पोलिसांकडे धाडायला त्यांचं मन होईना. त्यांनी शिक्का उचलला, आणि तसाच हातात धरून बसले.

"थांबा!"

दारातून त्याची बायको धावत आली. कडेवर बाळ, केस ओले, धापा टाकत होती.

"ती सही माझी नाही," ती म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. "अरे, कपाटात कागद नाहीत म्हटल्यावरच कळलं मला. असा वागलास तू?"

"मग काय करू? तुला त्याची आठवणसुद्धा नकोय!"

"आठवण नकोय? मला?" तिचा आवाज फाटला. बाळ रडायला लागलं.

ड्रायव्हर खिडकीकडे वळला. "तुम्हाला सगळ्या लोकांच्या चालीरीती ठाऊक आहेत म्हणतात. तुम्हीच सांगा कुणाचं खरं."

"सांगा," बायको म्हणाली. "सांगा आणि मग लिहा."

घड्याळात एकला चार मिनिटं कमी होती. अर्थमंत्र्यांनी शिक्का खाली ठेवला. वहीतलं काही त्यांना आठवेना.

"माझ्याआधी आमच्या घरात माझ्याच नावाचा एक मुलगा होता," ते म्हणाले. "पाच वर्षांचा होऊन गेला. वर्षाच्या आत मी झालो. तेच नाव, त्याचेच कपडे. तो डावखुरा होता म्हणे. म्हणून मी लपूनछपून डाव्या हातानं लिहायला शिकलो. आईला दाखवलं तेव्हा तिनं मला जितकं जवळ घेतलं, तितकं पुन्हा कधीच नाही." त्यांनी चष्मा काढला. "शेवटच्या आजारात तिनं त्या नावानं हाक मारली. मी उशाशीच होतो. मी ओ दिली नाही. मला वाटलं, त्याला बोलावतेय."

"पण तो आला होता ना?" ड्रायव्हरनं विचारलं. "तुमच्यात?"

"सत्तावन्न वर्षं प्रयत्न केला मी. नाही येत तो."

हे त्यांनी आजवर स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी तो अर्ज फाडला आणि कोरा अर्ज गजांतून पुढे सरकवला.

ड्रायव्हरनं तो घेतला नाही. "मग त्याचं नाव कोण घेणार?" तो म्हणाला. "मी मेलो की संपलंच. होता म्हणून कुणाला कळणारसुद्धा नाही."

बायको नवऱ्याच्या जवळ आली. लहानपणापासून तिच्या आईनं, आजीनं जे करू नको म्हणून बजावलं होतं, ते तिनं त्या भरल्या कचेरीत केलं. तिनं थोरल्याचं नाव घेतलं, आधी पुटपुटल्यासारखं. मग पुन्हा एकदा घेतलं, या वेळी मोठ्यानं, खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं तसं. नवऱ्यानं गजांवर डोकं टेकलं आणि तो ढसाढसा रडू लागला.

"रोज घेईन," ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "आता याच्यासाठी दुसरं नाव सांग. तूच सांग."

त्यानं डोळे पुसले आणि कोरा अर्ज ओढून घेतला. एक वाजून गेला होता, तरी अर्थमंत्र्यांनी खिडकी बंद केली नाही.